जुन्या जावाचे पुनरुज्जीवन

घराच्या मागील पडवीत, वाड्याच्या बोळात किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षे उभी असलेली जुनी मोटारसायकल हे भारतातील गावांत आणि शहरांत नेहमी दिसणारे दृश्य आहे. तिच्यावर पोती रचली जातात, हँडलला दोरी बांधून कपडे वाळत घातले जातात, आणि हळूहळू ती वाहन न राहता अडगळ होऊन बसते. घरातील कोणीतरी कधीकाळी तिच्यावरून नोकरीला जात असे, म्हणून ती भंगारात देववत नाही. सुरू होत नाही, म्हणून वापरताही येत नाही. अशी गाडी पुन्हा चालती करता येते का, आणि येत असल्यास ते काम कोणत्या क्रमाने करावे, याचा विचार येथे केला आहे. उदाहरणादाखल म्हैसूर येथे तयार झालेली जावा २५० ही मोटारसायकल घेतली आहे. मात्र येथे सांगितलेली बहुतेक तत्त्वे कोणत्याही जुन्या दुचाकीला लागू पडतात.

म्हैसूरची जावा

जावा हे नाव मूळचे चेकोस्लोव्हाकियातील. फ्रांतिशेक यानेचेक या उद्योजकाने वांडरर या जर्मन कंपनीकडून मोटारसायकल बनवण्याचे हक्क घेतले आणि १९२९ साली या दोन नावांची पहिली अक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव तयार झाले. भारतात रुस्तम आणि फारोख इराणी यांनी म्हैसूर येथे आयडियल जावा ही कंपनी उभी केली. तेथे १९६१ साली उत्पादन सुरू झाले. पुढे १९७३ पासून याच कारखान्यातील गाड्या ‘येझदी’ या नावाने विकल्या जाऊ लागल्या. १९९६ साली हा कारखाना बंद पडला.

२०१८ साली जावा हे नाव भारतीय बाजारात पुन्हा आले. मात्र या नव्या गाड्यांचे इंजिन फोर-स्ट्रोक पद्धतीचे आणि द्रवाने थंड होणारे आहे. त्यामुळे नव्या जावाचे इंजिनाचे भाग जुन्या जावाला बसत नाहीत. ज्या कारखान्याने गाडी घडवली तोच उरलेला नाही, ही गोष्ट जुन्या जावाच्या प्रत्येक दुरुस्तीत ध्यानात ठेवावी लागते. एखादा मूळ भाग घाईने तुटला, तर त्याची जागा सहज भरून निघत नाही.

या गाडीचे इंजिन टू-स्ट्रोक आहे. पिस्टन, म्हणजे सिलिंडरमधील दट्ट्या, एकदा वर आणि एकदा खाली गेला की इंजिनाचे एक चक्र पूर्ण होते. सिलिंडर एकच असला तरी त्यातून दोन नळ्या निघून दोन बाजूंच्या दोन सायलेन्सरना मिळतात. सिलिंडरचा व्यास ६५ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर असून इंजिनाची क्षमता सुमारे २४९ घन सेंटिमीटर भरते. डाव्या बाजूचा एकच दांडा किकचे आणि गिअरचे अशी दोन्ही कामे करतो. तो आत दाबून मागे फिरवला की किक होते आणि सुरू झाल्यावर पुन्हा पुढे घेतला की गिअर होतो. जावाची ओळख म्हणून ही रचना अनेकांच्या स्मरणात आहे.

उभ्या गाडीला काय होते?

यंत्र वापरले नाही तर झिजणार नाही, असा एक समज आहे. तो पूर्णपणे खरा नाही. धावणारी गाडी झिजते, तर उभी गाडी कुजते. दिवसा तापलेली हवा रात्री गार झाली की तिच्यातील बाष्प धातूवर दवासारखे साचते. टू-स्ट्रोक इंजिनात सिलिंडरच्या भिंतीत हवा आत येण्याची आणि धूर बाहेर जाण्याची द्वारे असतात. पिस्टन ज्या स्थितीत थांबला असेल त्याप्रमाणे यांपैकी एखादे द्वार उघडे राहते आणि दमट हवा थेट आत शिरते. पावसाळ्यांमागून पावसाळे गेले की बीडाच्या सिलिंडरवर गंज चढतो आणि पिस्टनच्या कड्या, ज्यांना सर्वजण रिंग म्हणतात, त्या भिंतीला चिकटतात. यालाच ‘इंजिन जाम होणे’ असे म्हणतात.

टाकीत राहिलेले पेट्रोलही बदलते. त्यातील हलके घटक उडून जातात आणि उरलेला चिकट भाग राळेसारखा घट्ट होतो. कार्ब्युरेटरमधील जेट म्हणजे अतिशय बारीक छिद्र असलेली पितळी नळी. त्या राळेने ते छिद्र बुजते. भारतात २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने विक्रीस आले. इथेनॉल पाणी शोषून घेते. पाण्याचे प्रमाण वाढले की ते इथेनॉलसह पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते आणि टाकी आतून गंजू लागते. जुन्या काळातील रबरी नळ्या व वॉशर यांनाही असे पेट्रोल मानवत नाही. म्हणून आज जुनी गाडी दुरुस्त करताना या वस्तू इथेनॉल सोसणाऱ्या प्रकारच्या घ्याव्या लागतात.

याशिवाय बॅटरी निकामी होते, तारांवरील आवरण तडकते, टायरचे रबर कडक होते आणि इंजिनातील तेलरोधक रबरी कडी, ज्यांना कारागीर ‘ऑइल सील’ म्हणतात, ती ताठरून निरुपयोगी होतात. यांपैकी काहीच बाहेरून दिसत नाही. दिसतो तो फक्त रंगावरचा गंज, आणि तोच बहुतेक वेळा सर्वांत कमी धोक्याचा असतो.

किक मारण्यापूर्वी

जुनी गाडी बाहेर काढली की पाहणारा प्रत्येकजण पहिल्यांदा किक मारून पाहतो. सर्वाधिक नुकसान याच क्षणी होते. चिकटलेल्या रिंग जोराने ओढल्या गेल्या की त्या तुटतात आणि त्यांचे तुकडे सिलिंडरच्या भिंतीवर खोल ओरखडे पाडतात. किकचा दांडा किंवा त्याच्या आतील दाते मोडण्याची भीती तर असतेच. त्यामुळे पहिला दिवस केवळ पाहणीसाठी राखून ठेवावा.

पाहणीत सर्वप्रथम इंजिनावरील व सांगाड्यावरील क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहावेत. ते जुळत नसतील तर एक रुपयाही खर्च करण्यापूर्वी त्याचा उलगडा करून घ्यावा. हे क्रमांक घासणे किंवा पुन्हा ठोकणे कायद्याने गुन्हा ठरू शकते. त्यानंतर गाडीची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि कोणता भाग आहे, कोणता नाही, कोणता मूळचा आहे आणि कोणता नंतर बसवलेला आहे, याची यादी वहीत करावी. सुटे करताना प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या डब्यात ठेवून डब्यावर नाव लिहावे. दोन महिन्यांनी जोडणी करताना स्मरणशक्तीपेक्षा ही वहीच अधिक उपयोगी पडते.

मग प्लग काढावा. जावाचे हेड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असल्याने अडकलेला प्लग जोर लावून फिरवला तर त्याबरोबर हेडचे आटेही निघून येतात. गंज सोडवणारे तेल सोडून काही तास थांबल्यास प्लग सहसा सैल होतो. प्लगच्या छिद्रातून तेच तेल सिलिंडरमध्ये ओतून काही दिवस मुरू द्यावे. नंतर गाडी गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने अगदी हलके पुढे-मागे करावे. इंजिन सुटले नाही तर पुन्हा तेल घालून थांबावे. हातोडी हा येथे शेवटचा उपायसुद्धा नव्हे. याउपर इंजिन न हलल्यास हेड आणि सिलिंडर उतरवणे हाच योग्य मार्ग होय.

हवा, इंधन आणि ठिणगी

पेट्रोलवर चालणाऱ्या कोणत्याही इंजिनाला तीन गोष्टी लागतात. पेट्रोल व हवा यांचे योग्य मिश्रण, त्या मिश्रणावर पुरेसा दाब, आणि योग्य क्षणी पडणारी ठिणगी. गाडी सुरू होत नसेल तर या तिघांपैकी काहीतरी कमी आहे, असे निश्चित समजावे. कुशल कारागीर अंदाजाने भाग बदलत बसत नाही. तो या तीन गोष्टी एकेक करून तपासतो.

जुन्या जावातील विजेची योजना ६ व्होल्टची असून ठिणगीसाठी लागणारी वीज बॅटरी व डायनामोकडून येते. म्हणून चांगली बॅटरी बसवल्यावाचून ठिणगीची परीक्षा करू नये. कॉन्टॅक्ट पॉइंटवर बसलेला काळा थर बारीक पॉलिश पेपरने काढावा लागतो. पॉइंट पूर्ण उघडल्यावर त्यांतील अंतर साधारणतः ०.४ मिलिमीटर असावे. पातळ पोलादी पट्ट्यांचे एक साधे साधन, ज्याला फिलर गेज म्हणतात, त्याने हे अंतर मोजता येते. ठिणगी फिकट आणि पिवळसर दिसली तर कंडेन्सर, कॉइल किंवा अर्थिंगच्या जोडणीत दोष असण्याची शक्यता असते. कित्येकदा सांगाड्यावरील रंगामुळे अर्थिंगची तारच धातूला नीट टेकत नाही आणि दोष मात्र महागड्या भागाला दिला जातो.

इंधनाच्या बाबतीत टाकी आधी रिकामी करून आतून स्वच्छ करावी. त्यात पाणी, सायट्रिक आम्ल म्हणजे लिंबूसत्व आणि मूठभर नट घालून हलवल्यास गंज सुटतो. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन टाकी पूर्ण कोरडी करावी आणि आत तेलाचा हात फिरवावा, नाहीतर ती काही तासांत पुन्हा गंजते. हे काम हातमोजे व चष्मा घालून करावे. टाकीला छिद्र असल्यास ती वेल्डिंगसाठी तशीच कधीही देऊ नये. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही पेट्रोलची वाफ असते आणि ज्योत लागताच तिचा स्फोट होतो. जीव घेणारे अपघात याच चुकीतून घडतात.

टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळते. जुन्या जावासाठी साधारणतः २५ भाग पेट्रोलला १ भाग टू-स्ट्रोक तेल, म्हणजे एका लिटरला ४० मिलिलिटर, असे प्रमाण धरले जाते. तेल कमी पडले तर पिस्टन तापून सिलिंडरला चिकटतो. जास्त झाले तर प्लग काळा पडतो आणि सायलेन्सर कार्बनने भरतो. या प्रमाणात हलगर्जीपणा झाला, तर आधीची सारी मेहनत पहिल्याच फेरीत वाया जाऊ शकते.

इंजिनाच्या आत

सिलिंडर उतरवल्यावर खरी परिस्थिती समजते. भिंतीवर नुसता गंजाचा पुसट थर असेल तर होनिंग म्हणजे बारीक घासकाम पुरते. ओरखडे नखाला जाणवत असतील तर सिलिंडर लेथवर बोर करून थोड्या मोठ्या मापाचा पिस्टन बसवावा लागतो. ही मापे साधारणतः पाव मिलिमीटरच्या टप्प्याने वाढतात. त्यामुळे सिलिंडर किती वेळा बोर करता येईल याला मर्यादा आहे. आवश्यक तेवढाच धातू काढणे हे चांगल्या कारागिराचे लक्षण मानले जाते.

जुन्या गाडीत ऑइल सील बदलणे टाळू नये. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या खालची पेटीही हवाबंद असावी लागते, कारण मिश्रण आधी तेथेच येते आणि दाबाने वर ढकलले जाते. सील फाटले असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन मिश्रण पातळ होते आणि इंजिन प्रमाणाबाहेर तापते. क्लचच्या बाजूचे सील फाटले असल्यास तिकडील तेल इंजिनात जळते आणि गाडी थांबता न थांबणारा पांढरा धूर सोडू लागते. अनेकदा या धुरासाठी नवा पिस्टन घातला जातो आणि धूर तसाच राहतो. कारण जाणून न घेता केलेली दुरुस्ती किती महाग पडते, हे यावरून ध्यानात येते.

क्रँकला जोडलेला कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून पाहावा. त्यात ढिलाई जाणवली तर त्याचे बेअरिंग गेले असे समजावे. जावाचा क्रँक दाबून जोडलेल्या भागांचा असतो. तो उघडून पुन्हा सरळ रेषेत दाबणे हे विशेष साधने आणि अनुभव असलेल्या कारागिराचेच काम आहे. सायलेन्सर व धूर बाहेर जाण्याचे द्वार यांतील कार्बन काढणेही तितकेच आवश्यक ठरते. धूर मोकळेपणाने बाहेर पडला नाही तर नवे मिश्रण आत यायला जागाच उरत नाही.

चालण्याआधी थांबण्याची सोय

इंजिनाचा आवाज घुमला की काम संपले असे वाटते. प्रत्यक्षात तेव्हा अर्धे काम झालेले असते. जी गाडी सुरू होते पण थांबत नाही, ती बंद गाडीपेक्षा अधिक धोकादायक असते. म्हणून ब्रेक, चाके आणि स्टिअरिंग यांची दुरुस्ती रस्त्यावरील पहिल्या फेरीच्या आधीच व्हायला हवी.

जावाच्या दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक असतात. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुफ्फुसांना घातक असते. ड्रम उघडल्यावर धूळ फुंकून किंवा हवेच्या झोताने उडवू नये. ती ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. लायनर तेलकट झाला असेल तर नवा बसवावा. ब्रेकची तार बाहेरून ठीक दिसली तरी आवरणात गंजलेली असू शकते, म्हणून तारा सरसकट नव्या घालणे हिताचे असते.

टायरवर नक्षी शिल्लक आहे, एवढ्यावरून तो चांगला ठरत नाही. २००० सालापासून टायरवर चार अंकी निर्मितीसंकेत छापला जातो. ‘१५२४’ असा संकेत असल्यास तो टायर २०२४ सालच्या पंधराव्या आठवड्यात तयार झाला असे समजावे. तडे गेलेला किंवा फार जुना टायर कितीही कोरा दिसला तरी बदलावा. चाकांचे आरे सैल नाहीत ना, बेअरिंगमधील सुकलेले ग्रीस काढून नवे भरले आहे ना, साखळी आणि तिची दातेरी चक्रे झिजलेली नाहीत ना, हेही पाहावे.

पहिल्यांदा इंजिन सुरू करताना गाडी मोकळ्या जागेत असावी. बंद खोलीत धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू साचतो. नवा पिस्टन बसवला असल्यास पहिले काही शे किलोमीटर गाडी जोरात पळवू नये. मधूनमधून प्लग काढून पाहिला तर इंजिनाची प्रकृती कळते. तांबूस तपकिरी रंग समाधानकारक मानतात, काळा ओलसर थर जास्त पेट्रोल किंवा तेल दाखवतो, आणि पांढरट रंग इंजिन प्रमाणाबाहेर तापत असल्याची सूचना देतो.

रंग आणि कागदपत्रे

अनेकजण दुरुस्तीची सुरुवात रंगापासून करतात, कारण त्याचा परिणाम लगेच दिसतो. इंजिन पुन्हा उतरवावे लागले की त्याच नव्या रंगावर ओरखडे पडतात. रंगकाम शेवटी करावे आणि करण्यापूर्वी ते आवश्यक आहे का, याचाही विचार करावा. टाकीवरील मूळ रंग आणि त्यावरच्या बारीक सोनेरी रेघा एकदा खरवडल्या की पुन्हा मिळत नाहीत. फिका पण मूळचा रंग राखून केवळ गंज थांबवणे, हेही पुनरुज्जीवनच होय.

भारतात खाजगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते. त्यानंतर तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. विमा आणि प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्रही लागते. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूप जपलेल्या वाहनांसाठी केंद्र शासनाने २०२१ साली वेगळी नोंदणी सुरू केली. अशा वाहनाच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. मात्र ते रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, जुन्या वाहनांची फेरी, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व देखभाल एवढ्यांपुरतीच त्यास परवानगी असते. गाडीचा रोज उपयोग करायचा की ती वारसा म्हणून जपायची, हे मालकाने आधीच ठरवलेले बरे.

कारागिराची वही

म्हैसूरचा कारखाना बंद होऊन कित्येक वर्षे लोटली, तरी त्याच्या गाड्या आजही देशभर धावताना दिसतात. दरवर्षी जुलै महिन्याच्या दुसऱ्या रविवारी अनेक शहरांत जावा आणि येझदीचे चाहते आपल्या गाड्या घेऊन एकत्र जमतात. या गाड्या टिकल्या त्या मुख्यतः गल्लीबोळांतील छोट्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या कारागिरांमुळे. आवाजावरून दोष ओळखणारे, न मिळणारा भाग लेथवर बनवून घेणारे हे लोक बहुधा कोणत्याही महाविद्यालयात गेलेले नसतात. त्यांचे ज्ञान हातातून हातात गेलेले असते.

असे ज्ञान कागदावर उतरले नाही तर त्या माणसाबरोबरच संपते. म्हणून दुरुस्ती करणाऱ्याने वही ठेवणे केवळ आपल्या सोयीचे नाही. कोणत्या गाडीत काय बिघडले होते, कारण काय निघाले, कोणते माप घेतले, कोणता भाग कोठे मिळाला, किती खर्च आला, हे चार ओळींत लिहून ठेवले तर तीच वही शिकाऊ मुलाचे पाठ्यपुस्तक होते. ज्याला लिहिता-वाचता येते आणि हातात कसबही आहे, असा कारागीर ग्राहकाला दोषाचे कारण समजावून सांगू शकतो, कामाचा हिशेब देऊ शकतो आणि आपल्या श्रमाचे योग्य मोल मागू शकतो.

गंजलेली जावा पुन्हा सुरू होते तेव्हा तिच्यामागे कोणताही चमत्कार नसतो. आधी पाहणी, मग कारणाचा शोध, नंतर उपाय, आणि रस्त्यावर जाण्यापूर्वी ब्रेकची खात्री, एवढाच तो क्रम आहे. हा क्रम जो सांभाळतो, त्याच्या हाती आलेली कोणतीही जुनी गाडी भंगारात जाण्यापूर्वी तिला एक संधी निश्चित मिळते.